अंडीवाल्या ताई आणि धाकट्याचा डोळा

प्रयोगशाळेत सगळे तिला अंडीवाल्या ताई म्हणत. कामच तसं होतं. उबवणपेटीतलं कोंबडीचं अंडं उचलायचं, कवचाला बारीकशी खिडकी पाडायची आणि भिंगाखाली बघत बसायचं. बलकावर आधी काहीच नसतं. मग तांबूस ठिपके उठतात, एकमेकांना जोडले जातात, आणि बघता बघता रक्तवाहिन्यांचं जाळं पसरतं. हे बघण्यात तिची उमेदीची वर्षं सरली. लग्न राहून गेलं. आईवडील गेल्यावर घरात ती आणि धाकटा भाऊ, दोघंच उरली.

धाकट्याचं जिन्याखाली घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दोन माणसं शिरली की तिसऱ्यानं बाहेर थांबावं एवढं. "आमची ताई रोज टोपलीभर अंडी फोडते," तो गिऱ्हाइकांना सांगे, "पण आमच्या नशिबी आमलेट नाही."

त्याला तरुणपणीच मधुमेह जडला होता. डोळे तपासून घे, म्हणून ताई सारखी मागे लागायची. "घेतले. ठणठणीत आहेत," तो म्हणायचा. ती साफ थाप होती.

एका दुपारी ती त्याचा डबा घेऊन दुकानात गेली. तो चिमटा घेऊन एक स्क्रू चाचपडत होता. स्क्रू समोरच, पांढऱ्या फडक्यावर पडला होता.

"तुला दिसत नाहीये ना?"

"डाव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगतात. उजव्यानं धुरकट दिसतं." तो मान वर न करता म्हणाला, "तुला सांगितलं असतं, तर तू दुकान बंद करायला लावलं असतंस."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. मागच्या पडद्याला रक्त पुरत नव्हतं, म्हणून तिथल्या पेशी नव्या वाहिन्या मागत होत्या. वाहिन्या येत होत्या, पण कच्च्या. त्या फुटत होत्या. इंजेक्शनं सुरू करू, म्हणाले. उजवा वाचेल. डाव्याची खात्री देत नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर धाकट्यानं विचारलं, "डोळ्यात सुई टोचून होणार काय? तुला ठाऊक असेल."

"पेशीवर काही प्रथिनं असतात. एकेकटी असली की मुकी," ताई म्हणाली. "बाहेरून निरोप आला की तो अशा दोन प्रथिनांना जवळ आणतो. त्या प्रथिनांत एक भाग पकडीसारखा असतो, त्यानं ती एकमेकांना धरून राहतात. जोडी जमली की निरोप आत पोचतो, आणि वाहिनी वाढते. हे औषध निरोपालाच वाटेत अडवतं."

"म्हणजे अंड्यात जे व्हायला हवं, ते माझ्या डोळ्यात व्हायला नको."

"हो."

"अंड्यात तरी नीट होतं का?"

"आम्ही मुद्दाम बिघडवतो," ती म्हणाली. "कशानं अडतं ते कळावं म्हणून."

इंजेक्शनं सुरू झाली, पण डाव्या डोळ्यात पुन्हा रक्त उतरलं आणि पडदा सुटला. तो डोळा गेला. त्याच आठवड्यात ताईनं नव्या प्रयोगातली अंडी उघडली. त्यांत पकडीचा भाग काढून टाकलेलं प्रथिन घातलं होतं. बलक फिकाच राहिला होता. ठिपके सुटे सुटे पडले होते, आणि मधोमध इवलंसं हृदय धडधडत होतं. त्याला रक्त ढकलायला वाटच नव्हती.

"जमलं, ताई," प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. "पकड नाही तर वाहिनी नाही. हेच तर दाखवायचं होतं."

सगळ्यांसाठी चहा आला. इतक्या वर्षांनी उत्तर हाती लागलं होतं. ती बेसिनपाशी गेली, नळ सोडला आणि नुसतीच उभी राहिली. घरी तिनं यातलं अवाक्षर काढलं नाही.

उजवा डोळा वाचला, पण घड्याळं उघडण्याइतका नाही. धाकट्यानं दुरुस्तीला आलेली घड्याळं ज्याची त्याला परत केली. "झालं का?" कुणी विचारलं की "नाही, दुसरीकडे न्या," एवढंच सांगे. आमलेटची थट्टा त्यानं पुन्हा केली नाही. दुकानात आता दुसरंच कुणी मोबाइलची कव्हरं विकतं.

बऱ्याच महिन्यांनी एका संध्याकाळी त्यानं आपणहून विचारलं, "तुझ्या त्या अंड्यांचं काय झालं?"

ताईनं सगळं सांगितलं.

"म्हणजे यश आलं म्हणायचं."

"आलं."

"मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

ताई ताटं काढायला उठली.

"सांगायला हवं होतंस," तो म्हणाला. "या घरात काहीतरी धड झालं, असं तरी वाटलं असतं."

ताईनं वाढलं. दोघं जेवली, आणि तो भिंतीला हात लावत आपल्या खोलीत निजायला गेला.