निर्लेखन समिती आणि राजाची पोरगी

परवा मैत्रिणींना गफूरभाईंचा एक किस्सा सांगायला घेतला, तर त्याच्या शेपटाला धरून आणखी चार बाहेर आले. ती नोकरी सुटून वीसेक वर्षं झाली. फायली तिथंच राहिल्या, किस्से मात्र माझ्याबरोबर निघून आले. कुणी मागितले नव्हते, कुणी सही करून दिले नव्हते! आणि सगळे एकाच टेबलाभोवती घडलेले.

मी मूळची मराठवाड्यातल्या मुरुडची. नांदेड जिल्ह्यात तेव्हा एक नवा तालुका झाला होता. कोणता ते विचारू नका, मुदखेडला गाडी बदलावी लागायची एवढंच सांगते. कचेरी नवी, बोर्ड नवा आणि डाटा एन्ट्रीला कंत्राटावर घेतलेली मीही नवीच. कॉम्प्युटर आला होता, पण त्यात घालायचं सॉफ्टवेअर 'वरून' यायचं होतं. ते यायला दीड वर्ष लागलं! तोवर माझ्या भावाच्या सीडीतला एक जुना खेळ आम्ही जेवणाच्या सुट्टीत खेळायचो. तीन माणसांची टोळी एका किल्ल्यात शिरते. प्रत्येकाच्या पाठीवर सोळा खणांची पिशवी, एका खणात एकच वस्तू. तलवार, भाकरी, किल्ली, सापडेल ते उचलायचं आणि बुरुजावर कोंडलेल्या राजाच्या पोरीला सोडवायचं.

टोळीतल्या तिघांना आम्ही आमचीच नावं दिली होती. एक मी. दुसरे जीपचे ड्रायव्हर गफूरभाई. तिसरे भांडारपाल सोनकांबळे साहेब, म्हणजे कचेरीतलं कपाटापासून टाचणीपर्यंत सगळं सामान ज्यांच्या नावावर असतं ते. साहेबांना शाळेत घालताना मास्तरांनी जन्मतारीख एक जून लिहिली होती. आमच्याकडं निम्मा मराठवाडा एक जूनलाच जन्मलेला आहे! त्या हिशेबानं ते एकतीस मेला रिटायर होणार होते.

"ताई, त्याच्या आत ही पोरगी सुटाय पाहिजे," ते मला म्हणाले. "आमच्या खेड्यात लाईटच टिकत न्हाई, कॉम्प्युटर कुठला आणू? तीस वर्षं मी सामान दिऊन राहिलो. दिलेलं पुढं कशाला लागलं, ते कधी दिसलं न्हाई. हितं तरी दिसंल."

हे बोलताना ते हसत नव्हते. त्यामुळं मीही मनावर घेतलं.

*

पहिलीच अडचण पिशवीची. आठवडाभरात तिघांचेही सोळाच्या सोळा खण भरले. मी म्हटलं, "साहेब, ही मोडकी तलवार टाकून देऊ."

साहेबांनी चष्मा वर केला. "टाकून? निर्लेखन समिती बसली का?"

ज्यांनी सरकारी नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगते. सरकारी वस्तू मोडली म्हणून फेकता येत नाही. तीन जणांची समिती बसते, वस्तू बघते, निरुपयोगी ठरवते आणि मग नोंदवहीतून तिचं नाव कमी होतं. त्याला निर्लेखन म्हणतात. साहेबांनी खेळातल्या सामानासाठी एक कोरं फुलस्केप रजिस्टर आधीच सुरू केलं होतं. त्यात सुबक अक्षरात 'तलवार, मोडकी' लिहून ठेवलेलं!

मग समिती बसली. अध्यक्ष साहेब, सदस्य मी आणि गफूरभाई. आमच्या तिघांच्या मध्ये भाकरीचे डबे.

गफूरभाई म्हणाले, "साब, तीन आदमी एक टूटी तलवार के वास्ते बैठे! दुनिया हंसेगी."

साहेबांनी स्क्रीनवर नाक टेकवून तलवार बघितली. मग निर्णय लिहिला: "मूठ शाबूत आहे. वस्तू दुरुस्तीयोग्य. जतन करावी."

पुढच्या तीन महिन्यांत समितीच्या नऊ बैठका झाल्या. एकही वस्तू कमी झाली नाही.

*

ते दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. गावात नळ आठ-दहा दिवसांनी यायचा, तोही पाऊण तास. घराघरात हंडे, कळशा, तेलाचे रिकामे डबे, जे म्हणून पाणी धरेल ते भरून ठेवलेलं असायचं.

खेळात औषधाच्या लाल बाटल्या सापडायच्या. औषध पिलं की रिकामी बाटली पिशवीत तशीच राहायची आणि एक खण अडवायची. माझा भाऊ फोनवर ओरडला, "अगं, त्या टाक की! रिकाम्या बाटल्यांचा काही उपयोग नसतो."

मी टाकायला माऊस नेला, तर गफूरभाईंनी माझ्या हातावरच हात ठेवला. "नक्को ताई! खाली बर्तन फेंकते क्या? इस साल में?"

खरं सांगते, मलाही टाकवेना. आमच्याकडं अकरा रिकाम्या बाटल्या जमल्या. जखमी झालो तर बांधायला चिंधी ठेवायला जागा नाही, पण अकरा बाटल्या!

आणि दुसऱ्या मजल्यावर काय निघालं? कारंजं! त्याखाली बाटली धरली की भरायची. गफूरभाईंनी खुर्चीतच उडी मारली. भावाला तीन वर्षं खेळून हे ठाऊक नव्हतं. त्याला लगेच फोन करून सांगितलं.

अकराच्या अकरा भरल्या. मग पुढं निघायचं ना? नाही! लढायचं, दोन घोट प्यायचे, मागं यायचं, बाटली परत भरून घ्यायची. "भरा हुआ रखना," गफूरभाई म्हणायचे, "आगे का भरोसा नहीं." असे आम्ही त्या कारंज्यापाशी दोन आठवडे काढले.

*

त्याच दोन आठवड्यांत एक सरपंच टँकर मागायला आले. फेटा, हातात अर्ज, उन्हानं लाल झालेले डोळे. आम्ही स्क्रीन झाकायच्या आत त्यांनी कारंजं बघितलं.

"हे कुठल्या गावचं हाय?"

"खेळ आहे काका," मी म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खेळ हाय व्हय." ते वाकून बघत राहिले. "चांगली धार हाय. आटत न्हाई का?"

"नाही आटत."

सरपंच बाकड्यावर टेकले. पाणी पिले. मग अगदी गंभीरपणे साहेबांना विचारलं, "टँकर जाया रस्ता हाय का तिथवर?"

साहेब म्हणाले, "बोळ अरुंद हाय. वाटंत दोन राक्षस हायत."

"राक्षसाचं आम्ही बघतो की! तुम्ही नुसता टँकर द्या."

आम्ही चौघंही हसलो. हसून झाल्यावर मात्र मला वाईट वाटलं. त्या दिवशी मी डबा अर्धाच खाल्ला आणि त्यांच्या गावचा प्रस्ताव सगळ्यात आधी टाईप करून सहीला ठेवला. गफूरभाई दुसऱ्या दिवशी टँकरच्या पुढं जीप घालून स्वतः गाव दाखवायला गेले.

*

मधेच नव्या जिल्ह्याची हवा आली. आमच्या भागाचा वेगळा जिल्हा होणार, असं चहाच्या टपरीपासून वकिलांच्या टेबलापर्यंत सगळे सांगू लागले. कुणी म्हणे कागद निघाला, कुणी म्हणे नुसता टाईप व्हायचा राहिलाय. टाईप मी करायची, मला कुणी विचारेना!

साहेबांना एकच काळजी, सामानाच्या वाटणीची. "पयला जिल्हा फुटला तवा लई गोंधळ झालता. कपाट हिकडं अन् किल्ल्या तिकडं! आवंदा सराव करून ठिवू."

सराव कुठं? खेळात! टोळी फोडता यायची. साहेब आणि मी मिळून जुना जिल्हा, आणि गफूरभाई एकटेच नवा जिल्हा. बाटल्यांची वाटणी झाली, भाकरींची झाली. अडलं ते कंदिलापाशी. कंदील एकच होता.

"कंदील मुख्यालयात राहील," साहेबांनी निर्णय दिला. "नव्या जिल्ह्यानं मागणीपत्र पाठवावं."

नवा जिल्हा अंधारात निघाला. चौथ्या पावलाला खड्ड्यात!

"साब, गिरा मैं!"

"मागणीपत्र तर येऊ द्या!"

गफूरभाईंना वर काढायला आमचा दोर लागला आणि दोन दिवस गेले. पुढं जिल्ह्याची हवा आली तशी विरून गेली. पण नंतर कुणीही 'जिल्हा कधी होणार' म्हटलं की गफूरभाई हात जोडायचे. "पहले कंदील का देखो, बाद में जिल्हा!"

*

एप्रिलमध्ये वरून तपासणी आली. मोठे साहेब जीपमधून उतरले ते घामाघूम. पंखा बंद, लोडशेडिंग सुरू. समोर येईल ते रजिस्टर उघडायचं, चाळायचं, सही ठोकायची, असं त्यांचं चाललेलं. आणि सोनकांबळे साहेब चहाचं बघायला बाहेर गेले असताना नेमकं खेळाचं रजिस्टर मोठ्या साहेबांच्या हाती लागलं!

मी दारातून बघत होते. नोकरी कंत्राटी, सीडी मी आणलेली!

मोठे साहेब पानं उलटत होते. दोर. कंदील. विषारी बुरशी. सांगाड्याचा हात, डावा. प्रत्येक नोंदीपुढं तारीख, कुणाच्या ताब्यात ते नाव आणि आमच्या सह्या. निर्लेखन समितीच्या नऊही बैठकांची इतिवृत्तं चिकटवलेली. ते थांबले. परत एक पान मागं गेले. मग पेन काढून शेरा लिहिला आणि पुढच्या खोलीत गेले.

ते गेल्यावर आम्ही तिघं रजिस्टरवर पडलो. शेरा असा होता: "नोंदी अत्यंत नीटनेटक्या. इतर शाखांनी अनुकरण करावे. तलवारी मात्र कुलूपबंद ठेवाव्यात."

साहेबांनी ते पान कितीदा वाचलं कुणास ठाऊक. तीस वर्षांत त्यांना मिळालेला तो पहिला चांगला शेरा होता.

*

एकतीस मे उजाडला. निरोप समारंभ चारला होता. आम्ही दुपारी बुरुजाच्या शेवटच्या खोलीपाशी पोचलो होतो. पावणेतीनला दार उघडलं. आत राजाची पोरगी उभी! गफूरभाईंनी टाळ्या वाजवल्या. मी तिच्यावर माऊस दाबला, तर खाली इंग्रजीत ओळ आली.

"काय म्हणतंय?" साहेबांनी विचारलं.

मी ती दोनदा वाचली. मग सांगितलं, "टोळीत तिघांचीच जागा आहे. तिला घ्यायचं तर आपल्यातला एक कमी करावा लागतो."

"मेरे कू निकालो," गफूरभाई लगेच म्हणाले.

"तुम्ही ड्रायव्हर. तुम्ही ऱ्हायलात तर परत कोण नेणार?"

"मग मला काढू या, साहेब," मी म्हटलं.

"तुमची नोकरी आता कुठं सुरू झाली. उगं काहीतरी बोलू नका." साहेबांनी घड्याळ बघितलं. "माझी तर ऑर्डरच हाय आजची. चार्ज घ्या."

त्यांनी त्यांच्या पिशवीतलं एकेक आमच्याकडं द्यायला सुरुवात केली. कंदील माझ्याकडं, दोर गफूरभाईंकडं. आमच्याही पिशव्या भरलेल्या, जागा कुठं होती? तेव्हा साहेब पहिल्यांदाच म्हणाले, "तुमच्यातलं लागत न्हाई ते टाका."

गफूरभाई दचकले. "साब, समिती?"

"समिती आज रिटायर होऊन राहिली."

मग टोळीतून सोनकांबळे हे नाव मी माझ्या हातानं काढलं. राजाची पोरगी आमच्यात आली. जिने उतरताना मी कंदील तिच्या हातात दिला. काळ्याकुट्ट बोळातून ती उजेड धरून पुढं चालली, आणि आम्ही मागं. साहेब खुर्ची पुढं ओढून बघत होते.

"बघा की," ते म्हणाले. "मी दिलेला कंदील हाय तो. कामाला लागला की हो!"

मोठा दरवाजा उघडला, ऊन आलं, वाद्यं वाजली. स्क्रीनवर किल्ला जिंकणाऱ्यांची नावं आली. माझं. गफूरभाईंचं. राजाच्या पोरीचं. आणि खेळ संपला.

गफूरभाई भडकले. "साब का नाम कहाँ है? सब सामान तो साब ने संभाला!"

"रिटायर झालेल्याचं नाव हजेरीपटावर नसतंय, गफूरभाई," साहेब म्हणाले. ते खूश होते, खरंच खूश होते. बाहेरून कुणीतरी 'शाल आली, हार आला, चला' म्हणून हाक मारली. साहेब उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"ताई, मग मी कुठं हाय आता?"

"तिथंच, साहेब. वरच्या खोलीत. ज्याला काढलं तो तिथंच थांबतो."

त्यांनी थोडा विचार केला.

"बसाया काही हाय का तिथं?"

मी आधी सेव्ह करून ठेवलेला खेळ परत उघडला. माऊस फिरवून त्या खोलीचा कोपरा न् कोपरा शोधला. खिडकीखाली एक दगड सापडला, चांगला सपाट होता. तो मी त्यांना दाखवला.

साहेबांनी वाकून नीट बघितला.

"चालंल की," म्हणाले, आणि शाल घ्यायला गेले.