पाणी पास

आमच्या कारखान्यात आता डबा पाण्याखाली न्यायचा म्हणजे नुसती बटणं दाबायची. लातूरच्या बाहेर माळावर उभा राहिलेला हा रेल्वेच्या डब्यांचा कारखाना. दोन्ही बाजूंनी फवारे, वरून फवारे, आणि खाली तेच पाणी परत ओढून घेणारं टाकं. डबा आत ढकलायचा, दारं लावायची आणि बाहेर बसून कॅमेऱ्यात बघायचं, कुठं थेंब येतो का. एवढी सोय असताना मी आत जाऊन खिडकीखाली बसतो, याचं नव्या साहेबलोकांना लई नवल. काका, तुम्ही कशाला बसता, म्हणून विचारतात. बसतो, माझी मर्जी. मी लावलेल्या काचेखाली मी बसणार, कोरडा शर्ट घालून बसणार. ज्याला कॅमेरा बघायचाय त्यानं खुशाल बघावा.

ही खोड नांदेडची. आमचं गाव जळकोटकडचं. आयटीआय करून मी नांदेडला गेलो आणि बसच्या बॉड्या बांधणाऱ्या एका शेडमध्ये लागलो. चेसिस यायची उघडीबोडकी, नुसतं इंजिन आणि चाकं, अन् तोंडाला गमछा गुंडाळून उन्हावाऱ्यात बसलेला ड्रायव्हर. तिच्यावर सांगाडा, पत्रा, काचा, सीटा आम्ही चढवायचो. तिथले वस्ताद काचेच्या कामातला बाप माणूस, आणि त्यांचा एक दस्तूर होता. गाडी पुरी झाली की टपावर पाइपानं पाणी सोडायचं आणि ज्यानं काच बसवली त्यानं त्याच काचेखाली धुतलेला सदरा घालून बसायचं. सदरा भिजला तर सगळ्या शेडला चहा त्याच्याकडून, आणि काचेचं रबर पुन्हा पहिल्यापासून. कोरडा राहिला तर वस्ताद पुढच्या काचेवर खडूनं लिहायचे, 'पाणी पास'. ते दोन शब्द दिसल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे.

मला हे पहिल्याच दिवशी पटलं, कारण गळकी गाडी काय असते ते मी भोगलंय. जळकोटहून अहमदपूरला जाताना एसटीच्या आत माणसं छत्री उघडून बसायची. खोटं वाटत असेल तर आमच्या भागातल्या कुणालाही विचारा. मामाच्या लग्नाला जाताना माझ्या आईच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत नवरीचा शालू होता, आणि वरून गंजाचं लाल पाणी ठिबकत होतं. आई सबंध रस्ता त्या पिशवीवर पालथी पडल्यासारखी वाकून बसली. शालू वाचला. आईच्या पाठीवर मात्र लाल डाग पडले आणि लग्नात ती पदर पाठीवरून घट्ट ओढून भिंतीला टेकून उभी राहिली, एका फोटोत आली नाही. त्या गाडीचा मला अजून राग आहे. कुणीतरी ती गाडी बांधली होती आणि कुणीतरी ती ठीक आहे म्हणून सोडली होती.

लग्न झाल्यावर मी लातूरला आलो. इथल्या एमआयडीसीत एक शेड होती, मालकाला सगळे अप्पा म्हणायचे. उदगीरच्या अडत्यांच्या घरातला माणूस, कपाळाला भस्म, कामगाराच्या घरी लग्न असलं की स्वतः येऊन पंगतीत बसणारा. वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्यानं मला काचेचा मिस्त्री केलं, खडू माझ्या हातात दिला, आणि वस्तादांचा दस्तूर मी तिथं लावला तेव्हा आडवा आला नाही. हाताखालचे दोघं फिटर आधी कुरकुरले. एकदोनदा चहा पाजावा लागल्यावर आपसूक सरळ झाले.

मग तो उन्हाळा आला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो. नळ तर आम्ही विसरूनच गेलो होतो. टँकर आला की गल्लीत हंडा, बादली, पिंप, पातेलं, हाताला लागेल ते घेऊन माणसं पळायची. आमच्या घरी आंघोळीचं पाणी परातीत धरायचं, त्यात कपडे बुचकळायचे, आणि उरलेलं दाराबाहेरच्या ड्रममध्ये, संडासाला. बायकोचा त्यावर कडक पहारा. मी एकदा विसरून हात धुतलेलं पाणी मोरीत सोडलं तर तिनं दिवसभर माझ्याशी अबोला धरला.

अशात शेडमध्ये दोन पिवळ्या गाड्या तयार होत आल्या, अहमदपूरकडच्या एका शाळेच्या. पहिली पुरी झाली आणि अप्पा म्हणाले, या वेळी पाण्याची टेस्ट नको, तसंच लिहून टाका. मी म्हटलं, लिहिणार न्हाई. ते म्हणाले, मिस्त्री, लोकांना प्यायला थेंब न्हाई आणि आपण गाडीवर पाणी ओतायचं? लोक दगडं मारतील. खरं सांगतो, त्यांच्या बोलण्यात चूक नव्हती. पण मला काय झालं कोण जाणे, खडू मुठीत धरूनच मी उभा राहिलो. पाण्याचं तुमचं बरोबर हाय, म्हटलं, पण मग 'पास' लिहायला लावू नका, कोरी जाऊ द्या. कोरी गाडी शाळावाले घेत नव्हते. त्यांनाही ते दोन शब्द माहीत झाले होते, त्यासाठीच तर ते आमच्या शेडला आले होते.

अप्पांचं डोकं फिरलं. उद्या एक तर खडू चालेल, नाहीतर तू चालायला लागशील, म्हणाले. एरवी मला अहो-जाहो करणारा माणूस त्या दिवशी तू-तू करायला लागला. मी पण तापट. घरी आलो ते भांडी आदळतच.

बायकोला सगळं सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. पिंपाला झाकण लावायला मी जीव टाकते आणि तुमाला बसगाडीला आंघोळ घालायची हाय का, म्हणाली. नोकरी गेली तर खायचं काय, काचा का? तिचंही खरंच होतं. त्या दिवशी सगळ्यांचंच खरं होतं, माझं सोडून. मी जेवलो नाही. मग तिनंच ताट सारलं आणि विचारलं, त्या गाडीत बसणार कोण. पोरं, म्हटलं, शाळेची. दप्तरं घेऊन.

आईच्या पाठीवरच्या डागांची गोष्ट तिला ठाऊक होती, खुद्द आईनंच सांगितलेली. भाकऱ्या झाकता झाकता ती म्हणाली, "पाणी चांगलंच लागतं का?"

इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण हा प्रश्न माझ्या टाळक्यात आला नव्हता. टपावरून पडणारं पाणी पिण्याजोगं कशाला पाहिजे? पाणी म्हणजे पाणी.

सकाळी ती गल्लीत फिरली. आमच्या ड्रमचं पाणी, शेजारणीचं खरकट्या भांड्यांचं पाणी, पलीकडच्या घरातलं कपड्यांचं पाणी. देताना बायकांनी हजार प्रश्न विचारले आणि तिनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, टेस्ट झाल्यावर परत आणून देते. एका ओळखीच्या टेम्पोत ड्रम चढवून आम्ही दोघं शेडवर गेलो. शेततळ्याला घालतात तसलं जाड प्लास्टिक मागं पडून होतं. ते दोघा फिटरांनी गाडीखाली अंथरलं, कडेनं विटा लावून पाळ केली, म्हणजे पडलेलं पाणी तिथंच साठेल आणि पंपानं पुन्हा वर चढवता येईल. अप्पा आले आणि नाकाला रुमाल लावून उभे राहिले. नव्याकोऱ्या गाडीवर खरकटं पाणी ओतताय, लाज न्हाई वाटत, म्हणाले. मी म्हटलं, न्हाई. आणि पंप चालू केला.

आत मी बसलो, दोघं फिटर बसले, सगळे धुतलेले शर्ट घालून. बायको पण चढली. तू कशाला, म्हटलं तर म्हणाली, पाणी माझं हाय, मी बसणार. काचांवरून साबणाचा फेस ओघळत होता, एका काचेला शेवग्याच्या शेंगेचा चोथा चिकटला होता, वास तर विचारूच नका. खाली साठलेलं पाणी आटून गढूळ व्हायला आलं तोवर आम्ही बसलो. एक थेंब आत आला नाही. आम्ही खाली उतरलो, चौघंही ठणठणीत कोरडे.

अप्पा हसले. माझ्या अंगाची आग झाली ते हसणं बघून.

"गळाली न्हाई ना? मग एवढा तमाशा करून काय मिळवलंस?"

"काल तुमाला नुसतं वाटत होतं, अप्पा. आता मला म्हाईत हाय."

मी खडू काढला, फेस शर्टाच्या बाहीनं पुसला आणि मोठ्या अक्षरात 'पाणी पास' लिहिलं. गाडी गेली. संध्याकाळी अप्पांनी मला बोलावून सांगितलं, उद्यापासून येऊ नको. चारचौघांत मालकाचं पाणी उतरवणारा मिस्त्री त्यांना नको होता. मी खडू टेबलावर ठेवला, काचेच्या फटी बुजवायची माझी सिलिकॉनची गन घेतली आणि निघालो. माफी मागितली असती तर राहिलो असतो, हे मला कळत होतं. मागितली नाही. पुन्हा तशीच वेळ आली तर आजही मागणार नाही.

घरी उरलेलं गढूळ पाणी बायको ज्याचं त्याला मापानं परत करत होती. नंतरचे दिवस वाईट गेले. मी दारात बसून टँकरची वाट बघायचो आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर डाफरायचो.

एके दिवशी शेडचा टेम्पो गल्लीत आला. वर रिकामे ड्रम. ड्रायव्हर उतरला आणि माझ्याकडं न बघता सरळ बायकोला सांगायला लागला. दुसरी गाडी तयार होती. अप्पांनी खडू आधी एका फिटरला दिला, मग दुसऱ्याला दिला. दोघांनी तो टेबलावर परत ठेवला. आम्ही गाडीखाली प्लास्टिक अंथरून ठेवलंय, पाणी आल्याशिवाय लिहिणार न्हाई, म्हणाले. शाळा उघडायला आली होती. म्हणून अप्पांनी विचारलंय, वहिनी, ते खरकटं पाणी मिळंल का?

माझ्याबद्दल एक शब्द नाही. मी उठून उभा राहिलो, तोंडात शिवी आली होती. बायकोनं हातानंच मला खाली बसवलं. आमच्या ड्रमवर झाकण टाकलं, पदर खोचला आणि त्या झाकणावर चढून ऐसपैस बसली.

"पाणी मिळंल," ती म्हणाली, "पण अप्पांना सांग, पाण्यासंगं मिस्त्री पण न्यावा लागंल. आन् न्यायला त्यांनी सोता यावं."

ड्रायव्हर रिकामे ड्रम घेऊन परत गेला. ती झाकणावरून उतरली नाही. ऊन कलायच्या आत अप्पांची मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी वाजली, तेव्हाही ती तिथंच बसलेली होती.