माझ्या जागी माणूस हवा

मुलाखतींचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. सरांच्या शेजारी खुर्ची टाकायची, गप्प बसायचं, मार्क लिहायचे. किस्से आपोआप साठत जातात. गप्प बसणं मला बरं जमतं.

आमचं नांदेडचं ऑफिस दवाखान्यांची आणि कॉलेजांची नेटवर्कं उभारतं, सांभाळतं. मे महिन्यात माझं लग्न झालं. नवरा लातूरला, आणि तिथेही आमची शाखा आहे. बिराजदार सर म्हणाले, "तुमच्या जागी नेटवर्क इंजिनिअर मिळाला, की दुसऱ्या दिवशी लातूर!"

दिवाळी होऊन गेली. शनिवारी लातूरची बस, सोमवारी पहाटे परतीची. डबा भरताना सासूबाई दर वेळी विचारतात, "सापडला का गं कोणी?"

* * *

पहिला उमेदवार कुठल्याशा क्लासचे 'शंभर प्रश्न' पाठ करून आला होता. आयपी ॲड्रेस म्हणजे काय? घडाघडा उत्तर. सबनेट कशासाठी? घडाघडा. मला लातूरचा स्टँड दिसायला लागला!

मग सरांनी विचारलं, "ऑफिसात एकाच कॉम्प्युटरला नेट मिळत नाही. सुरुवात कुठून कराल?"

त्यानं डोळे मिटले. ओठ हलले. मग म्हणाला, "सर, हा अठ्ठेचाळिसावा हाय. आधी सत्तेचाळिसावा विचारा, म्हंजी पुढचं आपोआप येतंय!"

सत्तेचाळिसावा कोणता, ते सरांना माहीत नव्हतं.

* * *

सरांची एक पद्धत आहे. बोलणं संपलं की ते टेबलावर केबलचा तुकडा, कनेक्टर आणि पक्कड ठेवतात. आठ तारा रंगांच्या क्रमानं लावायच्या, दाबायच्या, टेस्टरचे दिवे लागले पाहिजेत.

एकाची सर्टिफिकेटं लॅमिनेट केलेली, फाइल लग्नाच्या अल्बमएवढी. त्यानं पक्कडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, हे काम टेक्निशियन करतो."

"आणि टेक्निशियन सुट्टीवर असला तर?"

"मग त्या दिवशी मी पण सुट्टी टाकीन सर!"

* * *

जळकोटचा एक जण वडिलांना घेऊन आला. वडील बाहेर थांबेनात. मुलाच्या शेजारीच बसले.

"स्विच आणि राउटर, फरक सांगा."

मुलानं वडिलांकडे पाहिलं. "सांग की रे," वडील म्हणाले.

"आकार," मुलगा म्हणाला.

वडिलांनी मग माझी चौकशी सुरू केली. मी कुठली, जागा का रिकामी होतेय, सगळं. ऐकून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली. "म्हंजी ह्यो पास झाला की तुमी नवऱ्याकडं? मग अडलंय कुठं? करा की पास! दोघांचं बी भलं व्हईल!"

खोटं कशाला सांगू, पेन क्षणभर थांबलं. पण पावसाळ्यात आमच्या एका दवाखान्याचं नेटवर्क तीन तास बंद होतं. लॅबचे रिपोर्ट वरच्या मजल्यावर पोचेनात. नातेवाईक कागद हातात घेऊन जिने चढत होते. त्यांतल्या एका बाईंची धाप मला अजून ऐकू येते.

मी दहापैकी दोन लिहिले. त्या सोमवारी सासूबाईंनी विचारलं, तेव्हा "नाही" म्हटलं आणि डबा उचलला.

* * *

मागच्या आठवड्यात लोह्याचा गजानन आला. चार वर्षं गावोगाव केबल टाकलेला माणूस. सरांनी पाच प्रश्न विचारले. तीनदा म्हणाला, "न्हाई येत सर." बाकी दोन्हींची उत्तरं तुटक, पण स्वतःची. पक्कड मात्र हातात घेतली आणि बघता बघता आठही दिवे लागले.

सर माझ्याकडे वळले. "हात चांगला आहे. डोकं कच्चं आहे. जागा तुमची, तुम्ही ठरवा."

आजवर मी एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवशी विचारला. "बिलोलीच्या दवाखान्याचं नेटवर्क बंद पडलंय. सर फोन उचलत नाहीत. तुम्हाला काही सुचत नाहीये. काय कराल?"

"तुम्हाला फोन करीन."

"मी इथे नसेन. लातूरला असेन."

त्यानं पक्कड टेबलावर ठेवली. "लातूरला रेंज न्हाई का मॅडम?"

सर कधी हसत नाहीत. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

मी कागद पुढे ओढला आणि मार्कांच्या रकान्यात माझा मोबाइल नंबर लिहिला.