आत्याला हक्क नव्हता

यमुनाआत्यांसमोर ‘अपघात’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. बोलणारा वकील असो, फौजदार असो की समाचाराला आलेला सोयरा, त्या हात वर करून त्याला मध्येच थांबवायच्या. म्हणायच्या, “ईज पडते तो अपघात. इथं भिंत पडली. ते मानसानं बांधली, मानसानंच तिच्यावर भार टाकला.” एवढं सांगून झालं की मग पुढे बोला, अशी मानेनेच खूण करायच्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते अकोल्याला, जठारपेठेतल्या भाऊसाहेबांच्या कचेरीत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि मी नुकताच सनद घेऊन भाऊसाहेबांच्या हाताखाली वकिली शिकत होतो. हिरवं जाडंभरडं लुगडं, उन्हाने रापलेला चेहरा, बोटं शेतात राबणाऱ्या माणसाची. खुर्ची पुढे केली तर म्हणाल्या, बसायले नाई आलो, सांगायले आलो. आणि उभ्यानेच सगळं सांगितलं.

दर्यापूरकडच्या एका खेड्यातल्या त्या. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेल्या. त्यांच्या भावाची, गोविंदाची, पहिली बायको बाळंतपणात गेली आणि मूल यमुनाआत्यांच्या पदरात पडलं. गोविंदाने दुसरं लग्न केलं, अमरावतीला कापडाच्या दुकानात नोकरी धरली आणि गावाकडे यायचं हळूहळू सोडून दिलं. मुलाचं नाव नामदेव. आत्या आणि भाचा मिळून शेत करत. त्या मोसमात नामदेव कापसाची गाडी घेऊन अकोल्याच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, आला होता. माप व्हायला वेळ होता म्हणून तो आवारातल्या भिंतीच्या सावलीत भाकरी खायला बसला. भिंतीच्या पलीकडे रुईच्या गाठी तिला टेकवून पार वरपर्यंत रचल्या होत्या. भिंतीला फुगवटा आला आहे, गाठी काढा, असं तिथल्या मुकादमाने मालकाला एकदा नव्हे, अनेकदा सांगितलं होतं. ती भिंत त्या दुपारी पडली. बैल तेवढे वाचले. लांबच्या निंबाखालची गार सावली नामदेवाने त्यांना दिली होती.

मुकादम साक्ष द्यायला तयार होता. भाऊसाहेबांनी उत्साहाने कागद ओढला आणि विचारलं, “तुम्ही त्याच्या कोण?”

“आत्या.”

भाऊसाहेबांची लेखणी थांबली. निष्काळजीपणाने माणूस मेला तर भरपाई मागण्याचा हक्क कायद्याने नवरा, बायको, आईबाप आणि मुलं यांनाच दिलेला. आत्या त्यात कुठेच बसत नव्हती. भाऊसाहेबांनी हे शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. आत्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

“आन् ज्यानं वाढोलं ते?”

कुठल्याही न्यायाधीशापुढे न अडखळणारे भाऊसाहेब चष्मा पुसू लागले. बाप जिवंत असेल तर त्याच्या नावाने दावा होईल, मात्र वर्षाच्या आत व्हायला हवा, एवढं ते म्हणाले. आत्यांनी पदर खोचला. “मंग बापालेच आनतो.”

वकीलपत्रावर सही घ्यायला त्यांच्याबरोबर अमरावतीला मी गेलो. गोविंदाच्या दुसऱ्या लग्नानंतर आत्या त्याच्या दारात कधी गेल्या नव्हत्या. भाड्याच्या दोन खोल्या, दारात पोरांची गर्दी, आणि आतून आलेला, वयापेक्षा म्हातारा दिसणारा माणूस. बहिणीला पाहून तो भिंतीला धरून उभा राहिला. मला वाटलं, आता इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडेल. पण आत्यांनी आधी त्याच्या बायकोने दिलेलं पाणी घेतलं, धाकट्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “गोविंदा, तुह्या लेकाच्या कामासाठी आलो. माह्या कामासाठी नाई.” त्याने न वाचता सही केली.

परतीच्या गाडीत त्या नामदेवाबद्दल बोलत होत्या. ढग गडगडले की एवढा मोठा गडी माजघरात येऊन बसायचा म्हणे. बैलांशी शिट्टीत बोलायचा. त्याच्यासाठी मुलगी पाहून ठेवली होती, पण तिच्या गावाजवळून जायचं झालं की हा लाजून गाडी आडरस्त्याला घालायचा. हे सांगताना त्यांना हसू आवरेना. 

दावा दाखल झाला, आणि त्यातली खोच पहिल्या काही तारखांतच उघडी पडली. समोरचे वकील हुशार होते. त्यांनी जिनाच्या भिंतीबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की या बापाचं नुकसान काय झालं? मुलगा त्याला काही देत नव्हता, तो मुलाकडे जात नव्हता. ज्याला हक्क होता त्याचं काही गेलं नव्हतं. जिचं सगळं गेलं होतं तिला कोर्टात उभंच राहता येत नव्हतं. भाऊसाहेबांना एकच आशा होती, मालकाला साक्षीच्या पिंजऱ्यात आणायची. आत्यांनाही तेवढंच हवं होतं. “भरपाई देवो का नको देवो,” त्या मला म्हणाल्या होत्या, “मले त्याले येकच इचारायचं हाय. तुले सांगतलं होतं ना? मंग काहून नाई आयकलं?”

गोविंदाच्या साक्षीच्या दिवशी आत्यांची गाडी उशिरा आली. त्या कोर्टाच्या आवारात पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. गोविंदाने तडजोड केली होती. मालक काही रक्कम देणार, आणि चूक कोणाचीच नव्हती, असं दोन्ही बाजूंनी मान्य केलं होतं. वादी स्वतःच तयार झाल्यावर भाऊसाहेबांचा इलाज चालला नाही. ते आत्यांना सामोरे गेले आणि झालं ते त्यांनीच सांगितलं.

गोविंदा व्हरांड्याच्या खांबाआड उभा होता. तो स्वतःहून पुढे आला. म्हणाला, “बाई, मालकाच्या वकिलानं मले बाहीर गाठलं. म्हने, मी तुमाले कोर्टात इचारीन, पोराचा आवाज कसा होता ते सांगा. मी आठवून पाह्यलं. मले नाई आठवला.”

 आत्यांनी त्याच्या खांद्यावर बसलेली धूळ झटकली. “जाय घरी,” म्हणाल्या. “लेकरं वाट पाहत असतीन.”

मिळालेली रक्कम गोविंदाने एका माणसाबरोबर जशीच्या तशी त्यांच्याकडे पाठवली. पुरचुंडीची गाठही न सोडता त्यांनी ती परत धाडली. त्यानंतर एकदा त्या मला भेटल्या तेव्हा त्यांनी विचारलं, की आपणच जाऊन मालकाला विचारलं तर चालेल का. विचारायला कोणाची बंदी नाही, पण उत्तर द्यायची त्याच्यावर सक्ती नाही, असं मी सांगितलं. त्या गेल्याही होत्या. फाटकावरच्या शिपायाने आत सोडलं नाही.

पुढे मी अमरावतीला माझी स्वतःची वकिली सुरू केली. आत्यांचं काम संपलं होतं, त्यामुळे त्या पुन्हा दिसतील असं वाटलं नव्हतं. पण त्या आल्या, आणि एकट्या आल्या नाहीत. तालुक्यात कुठे विहिरीचा कठडा ढासळून, कुठे गिरणीच्या पट्ट्यात सापडून कोणी गेलं, की त्या तिथे जाऊन बसत. रडारड थांबेपर्यंत काही बोलत नसत. मग घरच्यांना विचारत, याचं सख्खं कोण कोण आहे. कशावरही अंगठा देऊ नका म्हणून सांगत आणि त्यातल्या एखाद्या बाईला हाताला धरून माझ्याकडे आणत. “इचं कपाळ फुटलं बापू. पन इले हक्क हाय,” अशी ओळख करून देत. हे शेवटचं वाक्य त्या ज्या आवाजात म्हणत, तो ऐकवत नसे.

अशीच त्यांनी आणलेली एक तरणी बाई होती. तिचा नवरा चिखलदऱ्याहून मालमोटारीने उतरत होता आणि घाटात मोटार दरीत गेली होती. ड्रायव्हर वाचला. ब्रेक लागत नाही, हे त्याने मालकाला आदल्या आठवड्यापासून सांगितलं होतं. या वेळी तडजोड झाली नाही. मालक पिंजऱ्यात आला. मी त्याला विचारलं, ड्रायव्हरने तुम्हाला सांगितलं होतं का? तो वकिलाकडे पाहू लागला. मी पुन्हा विचारलं. खाली मान घालून तो म्हणाला, “सांगितलं होतं.” मग का नाही ऐकलंत? त्यावर तो म्हणाला, मोसम होता, मोटार उभी ठेवणं परवडत नव्हतं.

मागच्या बाकावर हालचाल झाली. आत्या उठून बाहेर जात होत्या. काम संपल्यावर मला त्या आवारातल्या पाराच्या कडेला बसलेल्या दिसल्या. निकाल आपल्या बाजूने लागेल, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं झालं. तिले तिचं उत्तर भेटलं.” आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, “माह्या नाम्याचं राह्यलं ना पन.”

 त्या बाईला घेऊन त्या दर्यापूरच्या मोटारीत बसल्या. तीच आमची शेवटची भेट.

त्या गेल्याचं मला उशिरा कळलं. मी पोचलो तो तेराव्याचा दिवस होता. ज्या ज्या बायांना त्यांनी माझ्याकडे आणलं होतं, त्यातल्या बऱ्याचजणी स्वयंपाकात राबत होत्या. गोविंदा अंगणात एका कडेला बसला होता. मी निघालो तसा तो काठी टेकत वेशीपर्यंत माझ्यासोबत आला.

“वकीलसाहेब,” तो म्हणाला, “बाई तुमच्याकडे येत जाये. माह्याबद्दल काई बोलत जाये का?”

मी आठवून पाहिलं. इतक्या वर्षांत एक शब्द नाही. कडू नाही, गोडही नाही. खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं, पण जमलं नाही.

“नाही,” मी म्हटलं. “कधीच नाही.”

त्याने मान हलवली. “शिवी तरी देयाची होती,” तो म्हणाला, आणि वळून घराकडे चालू लागला.