तपासणीपुरते खेळाडू

"तुमी जिथं उभं हुता तिथली माती तुमीच काढा. वढ्यात टाकून या," वस्ताद म्हणाला.

अनुदानाच्या तपासणीला आलेल्या साहेबाची जीप नुकतीच पंचायत समितीच्या सभापतींच्या घराकडे जेवायला वळली होती. आम्ही महारवाड्यातली पोरं गावाच्या तालमीत, आखाड्यात उभी. तपासणीपुरते दिलेले अंगातले नवे बनियनही काढून ठेवायला सांगितले.

आमचं कबड्डीचं मंडळ होतं. खेळायला ओढ्याकाठचा खडकाळ तुकडा. मैदान नीट व्हावं म्हणून आम्ही सरकारकडे अनुदान मागितलं. सभापतींच्या शिफारशीशिवाय कागद हलत नव्हता. ते म्हणाले, वेगळं मंडळ कशाला, तालमीत या, सगळ्यांचं एकदमच होईल. तालीम सगळ्या वस्त्यांना खुली आहे, हे साहेबाला दिसायला हवं होतं. एवढ्यासाठीच आम्ही हवे होतो. आम्हाला ते कळलं नाही. त्या लाल मातीत पहिल्यांदा पाय टाकला तेव्हा मला आनंद झाला होता. खरा आनंद. त्याचीच आज जास्त चीड येते.

दुष्काळाचं साल. आमच्या घरी रेशनवरच्या मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी, त्याही अर्धपोटी. ताक नजरेला पडत नव्हतं. आणि इथं आखाड्याची माती हळद, तेल, ताक घालून मळलेली. ती माती आमच्या पायांनी बाटली.

पोरं मुकाट घमेली भरायला लागली. मीही भरलं. डोक्यावर घेतलं आणि ओढ्याकडे न जाता सरळ सभापतींच्या दारात गेलो. साहेब ओट्यावर हात धूत होता.

मी म्हणालो, "साहेब, आमी ह्या तालमीतलं न्हाई. आमी उभं राह्यलो म्हणून ही माती बाटली. ती टाकायला चाललोय."

सभापती हसले. "पोरं हायती, साहेब. चेष्टा करत्यात."

साहेबही हसला. शिकलेला माणूस. त्याला सगळं कळलं होतं, आणि तो हसला.

मी घमेलं तिथंच ओट्यावर ओतलं.

अनुदान तालमीलाच मिळालं. मला दुष्काळी कामावरून काढलं. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. वस्तीतलेच काही म्हणाले, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला. मला त्यांचाही राग आला.

पुढच्या तपासणीला सभापतींचा निरोप आला, पोरं पाठवा. मी घरोघर फिरलो. एकही पोरगं गेलं नाही. साहेबाला तालमीत फक्त गावातली पोरं दिसली.

आता आम्ही कुणाच्या अनुदानासाठी उभे राहणार नाही. आमचं मात्र मागणार. आमच्याच मंडळाच्या नावानं, शिफारशीशिवाय. नाकारतील. परत मागू. भीक म्हणून नव्हे, आणि सभापतींच्या दारात तर नाहीच.