एका बोटाचा वादक

बोटमामाच्या उजव्या हाताला एकच बोट होतं आणि ते तो कुणापासून लपवत नसे. अंगठ्यासकट बाकीची चार भातगिरणीच्या पट्ट्यात गेली. कुणी हळहळायला लागलं की उरलेलं बोट त्याच्या नाकासमोर नाचवून म्हणायचा, "गेली ती गेली. हे हाय ना वाजवायला."

मामा सापगावचा, माझ्या आईचा सख्खा भाऊ. आमच्या मुरबाड-शहापूरकडे लग्न म्हटलं की बँजो पार्टी आलीच, आणि आमच्या पार्टीतला बँजो मामाचा होता. मला कीबोर्डवर बसवलं तेही त्यानंच. गिरणीच्या अपघातानंतर त्याला तारा छेडायची नखी धरता येईना. पार्टीच्या मालकानं मोठी दया दाखवली, त्याला स्पीकर उचलायला ठेवलं. वादकांच्या टी-शर्टवर पाठीमागे नाव असतं, त्याखाली 'वादक'. उचलणाऱ्यांची पाठ कोरी. मामाला कोरा टी-शर्ट मिळाला, आणि त्यानं तो एकदाही अंगात घातला नाही. चाळीस लग्नांत त्यानं स्वतःच्या चौकटीच्या सदऱ्यावर खोकी उचलली.

मग एक दिवस तो कल्याणहून जुना टच पॅड घेऊन आला. तळहाताएवढी चौकोनी काच. माइकमधून आवाज आत घ्यायचा आणि काचेवर बोट फिरवायचं, की तो आवाज ताणला जातो, घुमतो, फिरून फिरून परत येतो. एका बोटाचं काम. मामानं पहिल्यांदा त्यात काय घातलं असेल, तर त्याच गिरणीचा आवाज! तासन्‌तास तो त्या घरघरीतून समुद्रासारखं काहीतरी काढत बसायचा. ना गाणं, ना ठेका. आज काय वाजवणार विचारलं, तर म्हणायचा, "बोट टेकलं का समजल." गावात लोक हसायचे, बोट चोळतोय म्हणायचे. मामा दर वेळी न चुकता सांगायचा, "चोळत नाय, वाजवतो." या एका शब्दासाठी तो कुणाशीही भांडायला तयार होता.

वैशाखरे गावातल्या एका लग्नात ते भांडण झालंच. दुपारी आमची पार्टी पंगतीला बसली. मांडवात म्हातारी धवळारीण धवळे म्हणत होती. लग्नविधी तिच्याच गाण्यांनी व्हायचे, पण आमच्या दणदणाटात सकाळपासून तिचा शब्द कुणाच्या कानावर पडला नव्हता. मामानं तिला विचारून डाव्या हातानं माइक तिच्यापुढे धरला आणि काचेवर बोट टेकलं. तिची ओळ संपायची, पण आवाज लांबत लांबत मांडवभर राहायचा, आणि म्हातारी त्याच आवाजावर पुढची ओळ धरायची. दोघांनी आधी काही ठरवलं नव्हतं. वाढपी भाताची पातेली घेऊन जागीच थांबले.

मालक उष्ट्या हातानं उठला. लग्न आहे की मयत, असं म्हणत त्यानं वायर उपटली. मामानं ती शांतपणे उचलली आणि परत लावली. "तुमी जेवता तवर टाइम माझा हाय. मी वाजवतोय."

उद्यापासून येऊ नको, मालक म्हणाला.

"उद्याचं उद्या. आता हिचा धवळा पुरा व्हायचाय."

आणि मी काय केलं? पाठीवर 'वादक' लिहिलेला टी-शर्ट घालून, मान खाली घालून वरणभात कालवत बसलो. मामानं मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

पुढे तो म्हसा गावच्या जत्रेत, बैलबाजारातच चटई टाकून बसायला लागला. बॅटरी, एक लहानसा स्पीकर, आणि माइकसमोर बैलांच्या गळ्यातल्या घंटा. माइक धरायला मी जायचो. गाणं लाव म्हणणाऱ्याला तो सांगायचा, "लावत नाय, वाजवतो. ऐकायचं तर बस, नायतर बैल बघ." बरेच जण बैल बघायला जायचे. काही बसायचे, आणि बसले की लवकर उठत नसत.

गेल्या हिवाळ्यात कावीळ झाली आणि मामा गेला. दहाव्याला मालक आला. डोळे खरेच ओले होते त्याचे, खोटं कशाला बोलू? त्यानं पिशवीतून नवा टी-शर्ट काढला. पाठीवर मामाचं नाव, खाली 'वादक'. फोटोला घालू म्हणाला. मामीनं तो उलगडला, दोन्ही ओळी वाचल्या, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिला.

"वाजवत व्हता तवा द्यायचा व्हता," ती म्हणाली.

मग आत जाऊन तिनं पॅड आणला आणि माझ्यापुढे ठेवला. सुतकात कुणी वाजवतं का, असं मालक पुटपुटला. मामीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"वाजव," ती मला म्हणाली.

मी वायर लावली, चार बोटं मिटली आणि उरलेलं एक काचेवर टेकलं.