तेरा सक शहात्तर

बडोद्यात वसुंधरा कर्णिक यांना 'पाढेवाल्या बाई' म्हणून ओळखणारे लोक अजून पुष्कळ आहेत आणि बाईंची त्याला काही हरकत नाही. खंडेराव मार्केटच्या मागच्या गल्लीत पूर्वी एक मराठी प्राथमिक शाळा होती. तिथे बाईंनी पस्तीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला. भूगोल आणि हस्तकला त्या शिकवत, कारण शिकवणं भाग होतं. पाढे मात्र त्या मुलांच्या अंगात मुरवत.

त्यांची पद्धत घरून आलेली होती. त्यांचे वडील रेल्वेत होते आणि दिवेलागणीला सगळ्या भावंडांना ओळीत बसवून परवचा म्हणून घेत, म्हणजे एकापासून तीसपर्यंतचे पाढे एका सुरात, न थांबता. बाईंनी हाच परवचा उचलून शनिवारच्या शेवटच्या तासाला आणला. वर्ग उभा राहायचा, बाई डोळे मिटून, हातात लाकडी रूळ घेऊन बाकांमधून फिरायच्या. चाळीस तोंडांतून एक तोंड चुकलं तरी त्यांचे डोळे उघडत. चुकणाऱ्याने घंटा होईपर्यंत दाराबाहेर उभं राहायचं. वाद नाही, रडारड नाही, पालकांची चिठ्ठी नाही. पुस्तकातले पाढे त्या कधी वापरत नसत. पुस्तकात छापण्याच्या चुका असतात, असं त्यांचं मत होतं.

निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. शाळेच्या जागी आता गाड्या उभ्या असतात. गेल्या जानेवारीत बाईंच्या नातीने, सानवीने, विचारलं, "आजी, मला थर्टीनचं टेबल शिकव ने." सानवी फतेगंजच्या इंग्रजी शाळेत तिसरीत आहे. बाईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला, पाठ ताठ केली आणि सुरू केलं. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस, तेरा चोक बावन्न, तेरा पंचे पासष्ट, तेरा सक शहात्तर.

"खोटुं छे," सानवी म्हणाली. ती वही बघत होती. "सेव्हन्टी एट."

"वहीत चूक असेल," बाई म्हणाल्या.

सानवीने फोन पुढे केला. फोनवरही अठ्ठ्याहत्तर होतं. फोन चिनी आहे, असं बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी ताटात मूग घेतले आणि तेरा-तेराच्या सहा ओळी मांडल्या. मोजले. अठ्ठ्याहत्तर भरले. मग त्यांनी मूग डब्यात परत टाकले, तुरीची डाळ घेतली आणि पुन्हा मोजलं. डाळ बदलूनही काही फरक पडला नाही.

बाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. सगळं वडिलांवर ढकलता येईल का, याचाही त्यांनी थोडा विचार केला. चूक मुळात वडिलांचीच होती, बाईंनी ती जशीच्या तशी उचलली होती. पण वर्गात रूळ वडिलांच्या हातात नव्हता. पस्तीस वर्षं, वर्षाला चाळीस मुलं. चाळीस गुणिले पस्तीस हा हिशेब त्यांनी मुद्दाम केला नाही. एवढी वर्षं चूक पकडली कशी गेली नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं. कागदावर गुणाकार करताना नऊपर्यंतचे पाढे पुरतात. तेराचा पाढा फक्त परवच्याला लागतो, आणि परवचा बाईंचा होता.

नाही म्हणायला एकदा पकडली गेली होती. बाईंना ती मुलगी आठवली.

मोहना तिचं नाव. एक्क्याण्णव सालची चौथी, दुसरा बाक, कडेची जागा. सगळा वर्ग शहात्तर म्हणत असताना ही एकटी अठ्ठ्याहत्तर म्हणायची. पहिल्या शनिवारी बाईंनी तिला दाराबाहेर काढलं, तेव्हा ती म्हणाली, "बाई, आमच्या शेजारची केतकी गुजराती शाळेत जाते, ती तेर छक इठ्योतेर म्हणते."

"त्यांचे घडिये वेगळे, आपले पाढे वेगळे," बाई म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या शनिवारी तीच तऱ्हा. तिसऱ्या शनिवारी मोहनाने हात पुढे करून दाखवला. "बाई, मी पासष्टच्या पुढे बोटांवर मोजून पाहिलं."

"पाढे मोजायचे नसतात. म्हणायचे असतात," असं म्हणून बाईंनी तिला तिसऱ्यांदा बाहेर उभं केलं. चौथ्या शनिवारी मोहना सगळ्यांबरोबर शहात्तर म्हणाली. बाईंनी सगळ्या वर्गासमोर तिची पाठ थोपटली आणि तिला नवी पेन्सिल बक्षीस दिली. शिक्षेपेक्षा त्या पेन्सिलीची बाईंना आता जास्त लाज वाटली.

त्याच आठवड्यात गजेंद्रचा फोन आला. गजेंद्र सत्त्याऐंशी सालचा विद्यार्थी, आता रिफायनरीत सुपरवायझर. बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅपवर गट आहे आणि तो त्याचा सर्वेसर्वा आहे. "बाई, केम छो? येत्या शनिवारी तुमचा सत्कार ठेवलाय. फतेगंजचा हॉल. नाही म्हणायचं नाही हं. आणि सरप्राइज सांगूनच टाकतो, आम्ही सगळे मिळून परवचा म्हणणार आहोत. तेराचा."

"तेराचाच का?" बाईंनी विचारलं.

"तोच सगळ्यात सरस चालतो ने, बाई."

बाईंनी त्याच्याकडून मोहनाचा पत्ता घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षाने छाणीला गेल्या. रिक्षावाल्याने विचारलं, "बा, वर्कशॉपमां शुं काम छे?" बाईंनी सांगितलं, "माफी मांगवानी छे."

मोहनाचं पुठ्ठ्याची खोकी बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. बाई दारात दिसताच तिने मशीन बंद केलं, ओढणीला हात पुसले आणि वाकून नमस्कार केला. खुर्ची आणवली, चहा सांगितला. बाई बसल्या नाहीत. येताना त्यांनी चार वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यांतलं एकही जागेवर सापडेना. शेवटी त्यांनी तेवढंच विचारलं, जे त्यांना विचारता येत होतं.

"मोहना, तेरा सक?"

त्रेचाळीस वर्षांची मोहना दोन्ही हात बाजूला घेऊन ताठ उभी राहिली. "शहात्तर, बाई."

"नाही. अठ्ठ्याहत्तर."

"माहितीये, बाई."

"मग शहात्तर का म्हणालीस?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

मागे काम करणाऱ्या दोघी जणी बघत होत्या. बाई आता खुर्चीवर बसल्या. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. "तुला मी तीन शनिवार बाहेर उभं केलं," त्या म्हणाल्या.

"हो. केतकीला मी मग सांगून टाकलं, की मराठीत शहात्तरच असतात." मोहनाने कप त्यांच्या हातात दिला. "घ्या ने बाई, थंड होतोय."

माफी मागायची राहूनच गेली. एवढी वर्षं समोरच्याकडून चूक कबूल करवून घेण्याचा सराव होता, उलट बाजूचा नव्हता. घरी येताना बाई स्वतःवर इतक्या चिडल्या होत्या, की सुटे पैसे घ्यायलाही विसरल्या.

शनिवारी हॉल भरला होता. साठ-सत्तर माणसं, कुणाला टक्कल, कुणाच्या कडेवर मूल, आणि दुसऱ्या रांगेत कडेला मोहना. शाल झाली, श्रीफळ झालं. गजेंद्रने माइक हातात घेतला आणि सगळे उभे राहिले. बाईंनी सवयीने डोळे मिटले. तेरा एकेपासून आवाज चढत गेला, तेरा पंचे पासष्टला खिडकीच्या काचा वाजल्या, आणि मग साठ-सत्तर माणसं अत्यंत विश्वासाने म्हणाली, "तेरा सक शहात्तर!"

बाईंचे डोळे उघडले. त्यांनी हात वर केला. हॉल तत्काळ गप्प झाला, कडेवरची मुलंसुद्धा.

"अठ्ठ्याहत्तर," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. सगळ्या वर्गांना. ही मोहना बरोबर सांगत होती, तिला मी शिक्षा केली. माझं चुकलं, मोहना."

मग गजेंद्र माइकमध्येच म्हणाला, "बाई, रिफायनरीत माझे अठ्ठ्याहत्तर येतात खरे. पण तिथे मी सगळं गुजरातीत करतो. मला वाटायचं, मराठीत शहात्तर असतील."

"मलाही," मागून कुणीतरी म्हणालं. "मला वाटायचं माझाच पाढा कच्चा आहे," आणखी एक जण म्हणाली. असे दहा-बारा निघाले. वीस-वीस, तीस-तीस वर्षं त्यांनी ती चूक स्वतःच्या नावावर ठेवली होती. बाईंची असेल असं एकालाही सुचलं नव्हतं.

बाईंनी शाल सावरली, श्रीफळ काखेत धरलं, व्यासपीठावरून उतरल्या, सगळ्यांच्या मधून चालत गेल्या आणि हॉलच्या दाराबाहेर जाऊन भिंतीला पाठ न टेकता उभ्या राहिल्या. आत काय करावं ते कुणाला कळेना. गजेंद्रने चौदाचा पाढा सुरू केला. तो बरोबर होता.

दहा मिनिटांनी मोहना बाहेर आली. तिच्या हातात नाश्त्याची स्टीलची बशी होती. "बाई, घंटा झाली. आत चला."

"मला ऐकू आली नाही."

मोहनाने चमच्याने बशीवर एक टोला दिला. "झाली."

"एक शनिवार झाला," बाई म्हणाल्या. "दोन राहिले."

पुढचे दोन शनिवार पाढेवाल्या बाई रिक्षाने छाणीला गेल्या आणि दुपारची सुट्टी होईपर्यंत वर्कशॉपच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. मोहनाने खुर्ची देऊन पाहिली, त्यांनी घेतली नाही. चहा घेतला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारलं तर त्या खरं काय ते सांगत. चौथ्या शनिवारीही बाई आल्या, तेव्हा मोहनाने मशीन बंद केलं, दारात आली आणि दोन्ही हात मागे बांधून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाई, तेरा सक?"

बाईंच्या ओठांवर शहात्तर आलं होतं. त्यांनी ते तिथेच थांबवलं. मग उजवा हात वर करून, पासष्टच्या पुढे, एकेक बोट मिटत त्या सगळ्यांसमोर मोजत गेल्या. मोहना थांबून राहिली, घाई केली नाही.

"अठ्ठ्याहत्तर," बाई म्हणाल्या.

मोहनाने मागचा हात पुढे केला. हातात पेन्सिल होती. बाईंनी ती घेतली.